जाळी कोणी बुजवली

नोरीन गॅनन आणि मी शेफील्डच्या एका चमचे-काट्यांच्या कारखान्यात शेजारशेजारच्या चाकांवर नऊ वर्षं उभ्या होतो. चमचे पॉलिश करायचं काम. डोक्याला लाल रुमाल, पायांना खाकी कागद गुंडाळलेला, बोटांना चिंध्या. संध्याकाळी घरी जाताना आमचे फक्त दात पांढरे दिसायचे. नोरीनचा हात जलद आणि जीभ त्याहून जलद. मुकादम तिच्या वाटेला जात नसे.

तिला एकच भाऊ, टेरी. तिच्याहून वर्षाने लहान. बाप लवकर गेलेला, आई कॅथलीन शाळेच्या स्वयंपाकघरात. टेरी बुजरा होता. आमच्याशी बोलताना बुटांकडे बघायचा. पण गिटार हातात आली की मान वर व्हायची. आर्ट कॉलेजात त्याला एड्रियन ॲस्क्विथ नावाचा मुलगा भेटला. शहराच्या चढावरच्या बंगल्यातला, बाप बँकेत मोठ्या हुद्द्यावर. एड्रियन गायचा आणि बास गिटार वाजवायचा, टेरी गिटार वाजवायचा, आणि ढोल वाजवायला माणूस नव्हता म्हणून ताल धरणारं एक यंत्र आणलं होतं. बँडचं नाव सेंट मंडे. ते नाव टेरीच्या आजोबांकडून आलं. चाकू-सुऱ्यांची पाती घडवणारे जुने कारागीर सोमवारी कामावर जात नसत, रविवारची दारू उतरलेली नसे. त्या दिवसाला ते सेंट मंडे म्हणायचे, जणू कुणा संताचाच वार.

दोघांना वाजवायला जागा मिळेना. जातील तिथं शेजारी पोलीस बोलवायचे. तेव्हा नोरीनने आमच्या मालकाला गाठलं. कारखान्याच्या मागच्या अंगणात वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी पडली होती. मालक तिला नाही म्हणू शकला नाही. ही खोली मी मिळवून दिली, हे वाक्य नोरीनने पुढे चाळीस वर्षांत किती वेळा म्हटलं असेल, मी मोजलं नाही. आधी अभिमानाने म्हणायची.

पहिल्यांदा आम्ही दोघी त्यांचं वाजवणं ऐकायला गेलो तेव्हा मला हसू आवरेना. गाणं कुठं सुरू झालं, कुठं संपलं, कळत नव्हतं. एड्रियन घोषणा केल्यासारखा गायचा. टेरीची गिटार पत्रा कापल्यासारखी. नोरीन मात्र गप्प होती. जिना उतरताना म्हणाली, "जेनिस, ते आपलं चाक आहे. तो आपलं चाक वाजवतोय." मग पुढच्या वेळी मी कान देऊन ऐकलं. खरंच, चाकावर चमचा टेकतो तेव्हा आधी एक किंकाळी निघते आणि मग ती खाली बसते, अगदी तसं. टेरी शाळेत असताना डबा घेऊन आमच्या दारात उभा राहायचा, तेव्हा त्याच्या कानात ते जाऊन बसलं असणार.

एकोणऐंशी सालचा हिवाळा फार वाईट होता. बर्फ पडतच होता, आणि संपांमुळे कुणी रस्ते साफ करत नव्हतं. फेब्रुवारीत त्यांनी त्या खोलीतच रेकॉर्ड करायची ठरवली. लेन इबटसन नावाचा ओळखीचा माणूस आपलं टेपचं यंत्र घेऊन आला. तो बायकामुलांसह ऑस्ट्रेलियाला कायमचा निघाला होता, शनिवारचं विमान होतं, म्हणून गुरुवार-शुक्रवार दोनच दिवस मिळाले. त्यात नऊ गाणी झाली. लेन गेला. टेरीला दोन गाण्यांतली आपली गिटार पसंत नव्हती. तो म्हणाला, घरचं लहान यंत्र खोलीवर नेऊन मी ती रविवारी परत वाजवून बघतो.

त्या रविवारी सकाळी त्याचं आणि कॅथलीनचं भांडण झालं. तो चर्चला येणार नाही म्हणाला. कॅथलीन म्हणाली, मग जेवायलाही येऊ नकोस. तो गिटार घेऊन खोलीवर गेला.

जेवायला तो येणार हे अर्थातच सगळ्यांना माहीत होतं. एड्रियन आधीच येऊन बसला होता; दर रविवारी यायचा. आमच्या घरी सगळं उकडलेलं असतं, असं तो कॅथलीनला सांगायचा आणि ती त्याच्या ताटात बटाटे वाढत राहायची. एक वाजला, सव्वा वाजला. कॅथलीनचा राग केव्हाच उतरला होता. ती एड्रियनला म्हणाली, "जा रे राजा, बोलावून आण त्याला. सांग, आई काही बोलणार नाही म्हणावं."

एड्रियन गेला. टेरी खुर्चीतच होता, गिटार मांडीवर. खोलीतला गॅसचा हीटर चालू होता.

हीटरचा धूर म्हणाल तर दिसत नाही, त्याला वासही नसतो. हवा बंद असली की कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि माणसाला झोप लागते, ती कायमची. पोलिसांनी पाहिलं तर दाराच्या फटींना आतून नमद्याच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या पट्ट्या ठोकल्या होत्या आणि भिंतीतल्या हवेच्या जाळीत जुन्या गालिच्याचे तुकडे गच्च कोंबले होते.

मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरसमोर नोरीन आणि मी शेजारी बसलो होतो. कोरोनर म्हातारे होते, सावकाश बोलायचे. त्यांनी एड्रियनला विचारलं की हे जाळीत कोणी कोंबलं. एड्रियनने खाली बघून सांगितलं, "मला ठाऊक नाही, सर. शुक्रवारी मी तिथून निघालो तेव्हा ते नव्हतं." मग त्यांनी विचारलं, गॅननचं मन कसं होतं. एड्रियन म्हणाला, उदास असायचा. कॅथलीनने सकाळच्या भांडणाचं स्वतःहून सांगितलं. तिला कुणी विचारलंही नव्हतं.

कोरोनरने कारण अनिर्णित म्हणून लिहिलं. आत्महत्या हा शब्द कागदावर आला नाही. पण शहरात दुसरा शब्द कुणी वापरला नाही.

शरद ऋतूत रेकॉर्ड आली. नाव 'ड्राय हँड्स'. कव्हरवर चिंध्या गुंडाळलेल्या दोन हातांचा फोटो आहे, ते नोरीनचे हात. एका मासिकाने लिहिलं की या संगीतात हवाच नाही, श्वास कोंडल्यासारखं होतं, आणि ज्याने ते वाजवलं त्याने शेवटी तेच स्वतःच्या बाबतीत केलं. त्यानंतर ते मत बदललंच नाही. पहिल्या वर्षी काही शे प्रती खपल्या असतील. पुढे दहा वर्षांनी, वीस वर्षांनी, जो तो बँड म्हणायचा की आम्ही सेंट मंडे ऐकून गिटार हातात घेतली. लोक त्या आवाजाच्या मागे लागले. तसा कोरडा, जवळून येणारा, भिंतींना न लागणारा आवाज कुणाला काढता येईना. एड्रियनने पुन्हा बँड केला नाही. तो विद्यापीठात शिकवायला लागला, पुस्तकं लिहिली, परिषदांना बोलवणी यायला लागली. टेरीबद्दल विचारलं की तो थोडा वेळ थांबायचा आणि म्हणायचा, "टेरीने आपलं मौन निवडलं." हे वाक्य मी टीव्हीवरच दोनदा ऐकलंय.

कॅथलीनकडे मात्र तो येत राहिला. रविवारी, बरीच वर्षं. तिने टेरीची गिटार त्याला दिली. तिचा हात हातात घेऊन तो सांगायचा, "आपल्यापैकी कुणालाच दिसलं नाही, मिसेस गॅनन." ती मान हलवायची. भांडणाच्या दिवसापासून तिने चर्चमध्ये प्रसाद घेणं बंद केलं होतं. जायची दर रविवारी, पण लोक रांगेने पुढे जायचे तेव्हा ही बाकावर बसून राहायची. पाद्रीबाबांनी समजावलं, नोरीनने समजावलं. ती म्हणायची, ज्या बाईने पोराला जेवू नकोस म्हटलं तिने कशाला तोंड उघडावं. अठरा वर्षं ती बाकावर बसून राहिली आणि सत्त्याण्णवला गेली.

नोरीनने लग्न केलं नाही. कारखाना बंद पडल्यावर तिने इस्पितळाच्या धुलाईघरात काम धरलं. आणि तिच्या दारात माणसं यायला लागली. जपानी, पोलंडचे, ग्लासगोचे. काळे कोट घातलेली पोरं-पोरी. टेरीचं घर बघायचंय म्हणायची. आधी ती दार लावून घ्यायची. मग एकदा पावसात भिजलेली एक पोरगी आली, तिला आत घेतलं, चहा दिला, मटण-बटाटे भरलेली पेस्ट्री दिली. त्या पोरीने नोरीनला गाणी समजावून सांगितली. इथं गिटार गाण्याच्या मागून येते, इथं ती मुद्दाम चुकते, इथं सगळं थांबतं आणि फक्त यंत्राचा ताल राहतो, आणि मग टेरी येतो, तेव्हा बघा कसं होतं ते. नोरीन मला म्हणाली, माझाच भाऊ मला परक्या पोरीने दाखवला. तेव्हापासून ती रेकॉर्ड तिची झाली. दर रविवारी दुपारी लावायची. कुठला सूर कुठं आहे तिला पाठ होतं. पण आलेल्या माणसांना ती एक प्रश्न हटकून विचारायची: तुम्हाला या गाण्यांत कुठं ऐकू येतं का, की तो असं करणार होता? काही जण हो म्हणायचे. ते गेल्यावर ती परत रेकॉर्ड लावून बसायची.

दोन हजार एकोणीसला रेकॉर्डला चाळीस वर्षं झाली. लंडनच्या एका कंपनीने ती नव्याने काढली, मोठ्या खोक्यात, सोबत जाडजूड पुस्तिका. एड्रियनने एक खोका नोरीनला पाठवला, आत चिठ्ठी: प्रेमपूर्वक. पुस्तिका करणाऱ्या मुलाने कष्ट घेतले होते. ऑस्ट्रेलियात लेन इबटसनला शोधून काढलं होतं. लेन एक्क्याऐंशी वर्षांचा, बोलायला उत्सुक. चाळीस वर्षांत त्याला पहिल्यांदा कुणी विचारलं होतं की तो आवाज आला कसा.

नोरीनने मला फोन केला. नुसतं म्हणाली, ये. मी गेले तर ती स्वयंपाकघरात उभी होती, पुस्तिका ओट्यावर उघडी. बोट ठेवून म्हणाली, वाच. मी चष्मा शोधला आणि वाचलं.

लेनने सांगितलं होतं की खोलीत रस्त्याचा आवाज यायचा आणि आवाज घुमायचा. गुरुवारी सकाळी एड्रियनला कल्पना सुचली. तो कुठूनसा जुना गालिचा घेऊन आला, तुकडे करून त्याने हवेची जाळी बुजवली, दाराला स्वतः नमदा ठोकला. अंगठ्यावर हातोडी बसली म्हणून शिव्याही घातल्या. हीटर आम्ही बंदच ठेवायचो, कारण त्याचा सूंसूं आवाज टेपवर यायचा. थंडीत कुडकुडत वाजवलं पोरांनी. पण तोच तो आवाज, लेन म्हणाला. ते डोकं एड्रियनचं.

मी दोनदा वाचलं. नोरीनने कोरोनरसमोरचं एड्रियनचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. मलाही ते आठवत होतं.

"थंडी वाजली म्हणून त्याने हीटर लावला," ती म्हणाली. "एवढंच झालं होतं, जेनिस. त्याला थंडी वाजत होती."

एड्रियनला तिने चहाला बोलावलं. मी थांबावं अशी तिची इच्छा होती, म्हणून थांबले. तो फुलं घेऊन आला. पांढरे केस, चांगला कोट. नोरीनने फुलं घेतली नाहीत, ती मीच हातात घेतली. नोरीनने ते पान उघडून पुस्तिका त्याच्यापुढे सरकवली.

त्याने नाकारलं नाही, हे सांगायला हवं. पुस्तिका मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मी एकवीस वर्षांचा होतो. मला वाटलं, मला तुरुंगात टाकतील."

"ते मी समजू शकते," नोरीन म्हणाली. "तिशीत काय झालं? चाळिशीत?"

तो म्हणाला की तोवर फार उशीर झाला होता. लोकांनी त्यावर एवढं काही उभं केलं होतं. शिवाय कसंही पाहिलं तरी टेरी परत येणार नव्हता.

"आईला तर तू भेटत होतास. दर रविवारी जेवत होतास तिच्या हातचं."

त्याने कप बशीत ठेवला.

"तिचा हात धरून काय सांगायचास?"

"नोरीन, मला तिला बरं वाटावं म्हणून—"

"तुला एक वाक्य बोलायचं होतं. ती रांगेत उठून गेली असती."

त्याला ते कळलं नाही. कुठली रांग, असं त्याने विचारलं. अठरा वर्षं त्या घरात आला आणि त्याला ते माहीतच नव्हतं. नोरीनने सांगितलंही नाही. तिने वेगळंच विचारलं: ही पुस्तिका छापण्याआधी तू वाचली होतीस का?

वाचली होती, तो म्हणाला.

"मग लेनचं बोलणं काढून का टाकलं नाहीस?"

"ते आवाजाबद्दल होतं. कुणाच्या लक्षात येईल असं वाटलं नाही."

"माझ्याही?"

बहुधा थकून तो खरं बोलला. "तू ती वाचशील असं वाटलं नव्हतं."

नोरीनचा चेहरा मी तेव्हा पाहिला. चाळीस वर्षांत तिने त्याला कधी परका मानलं नव्हतं. खोट्या साक्षीपेक्षा ते वाक्य तिला जास्त लागलं, असं मला आजही वाटतं. बाई धुलाईघरातली, खोक्यातले फोटो बघेल आणि फळीवर ठेवून देईल, असं त्याने धरलं होतं.

जाताना त्याने वचन दिलं. नोव्हेंबरात आमच्या जुन्या कारखान्याच्या भिंतीवर सेंट मंडेच्या नावाची पाटी बसणार होती. तिथं आता घरं झाली आहेत, खाली एक सभागृह आहे. त्या समारंभात मी सगळ्यांसमोर सांगेन, तो म्हणाला. नोरीनने विश्वास ठेवला. मी ठेवला नव्हता, पण बोलले नाही.

समारंभाला दीडशे माणसं होती. दुपारची वेळ, नोरीनने निळा कोट घातला होता. पाटीची दोरी तिनेच ओढायची होती. एड्रियन कागद घेऊन उभा राहिला. छान बोलला, नेहमीसारखा. थंडीबद्दल बोलला, संपांबद्दल, टेरीच्या बोटांबद्दल. टेरीची गिटार म्हणजे या शहराच्या कामाचा आवाज आहे, असं म्हणाला, आणि ते नोरीनचंच वाक्य होतं. मग थांबला. मी नोरीनचा हात धरला. तो म्हणाला, "टेरी गेला त्याची जबाबदारी आपल्या सगळ्यांची आहे. त्याच्या जवळच्या प्रत्येकाला ते दिसायला हवं होतं." आणि कागद घडी करून खाली बसला.

जवळच्या प्रत्येकाला. म्हणजे कॅथलीनला. म्हणजे नोरीनला.

ती उठली. सगळ्यांना वाटलं दोरी ओढायला उठली, टाळ्या पडल्या. ती माइकपाशी गेली आणि पर्समधून दोन कागद काढले. आधी पुस्तिकेतलं लेनचं बोलणं वाचलं. मग एकोणऐंशीच्या वर्तमानपत्रातलं कात्रण वाचलं, कोरोनरचा प्रश्न आणि एड्रियनचं उत्तर. तिचा आवाज सपाट होता. स्वतःचं तिने एकच वाक्य जोडलं: "माझ्या भावाने स्वतःला मारलं नाही."

 मग पुढच्या रांगेतली काळ्या कोटातली एक मुलगी म्हणाली, हे इथं बोलायचं नव्हतं. चिडून नाही, दुखावल्यासारखी. तिच्या शेजारचा तिला धीर देत होता. आयोजक बाईंनी नोरीनच्या हातून माइक हळूच काढून घेतला आणि पाटीचं कापड स्वतःच ओढलं. चहाच्या वेळी आमच्या टेबलावर दोनच माणसं आली. बाकीची एड्रियनभोवती उभी होती, कारण त्याला रडू फुटलं होतं.

पुढे जे झालं ते असं. काही महिन्यांनी एड्रियनने एका नामांकित मासिकात लांबलचक लेख लिहिला, अपराधी भावनेवर. त्यात 'एक घाबरलेला मुलगा' होता, बर्फ होता, 'मौन' होतं, आणि रविवारी बटाटे वाढणारी एक अविस्मरणीय म्हातारी होती. मी खोटी साक्ष दिली, हे साधं वाक्य मात्र सबंध लेखात नव्हतं. लेखाचं फार कौतुक झालं. किती धैर्य लागतं, लोक म्हणाले. नोरीनला इंटरनेटवर लोकांनी काय काय म्हटलं ते माझ्या नातवाने मला दाखवलं आणि मी त्याला ते बंद करायला सांगितलं. तुमच्या भावाचं दुःख तुम्ही आमच्याकडून काढून घेतलंत, असंही एकाने लिहिलं होतं.

पण नोरीन थांबली नाही. जुन्या चौकशीचा निकाल बदलायचा तर वरच्या कोर्टाची परवानगी लागते. लेनने ऑस्ट्रेलियातून शपथेवर लिहून पाठवलं. त्याला हे सगळं कळल्यावर तो फोनवर तिच्याशी तासभर बोलला. म्हणाला, पोरी, मला कुणी सांगितलंच नाही तो कसा गेला ते. एड्रियननेही शेवटी वकिलामार्फत एक पान पाठवलं, त्यात कबुली होती. मधे करोनाची साथ आली, कोर्टं बंद पडली. दोन हजार बावीसच्या वसंतात नवी चौकशी झाली. नवी कोरोनर बाई तिशीपस्तिशीची असेल. तिने सगळं वाचून दाखवलं आणि लिहिलं: अपघात. घड्याळ बघितलं तर अकरा मिनिटं लागली होती. एड्रियन आला नव्हता.

तिथून आम्ही बसने कॅथलीनच्या चर्चला गेलो. नोरीनने पाद्रीबाबांना कागद दाखवला आणि आईच्या नावाने प्रार्थना करायला सांगितली. ते म्हणाले, भावाच्याही नावाने करू या. नोरीन म्हणाली, त्याची करा हवी तर, पण आईची आधी.

तिच्या दारात अजून माणसं येतात, पूर्वीपेक्षा कमी. ती चहा देते. आता ती कुणाला काही विचारत नाही. रविवारी मी गेले तर घर शांत असतं, रेडिओवर बातम्या असतात. एकदा मी विचारलं, रेकॉर्ड लावत नाहीस का ग. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "चांगली आहे ती, जेनिस. अजूनही तितकीच चांगली आहे. पण लावली की मला ती खोली ऐकू येते. सगळीकडून बंद केलेली."

मग तिने मला गाजरं सोलायला दिली, आणि साल जाड काढतेस म्हणून चार शब्द सुनावले.